फळ पाहून पैसा

कडेगांव तालुक्याच्या शिवारांत ऊस ही तशी अलीकडची गोष्ट आहे. सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. त्या सर्व काळांत हा मुलूख खानापूर तालुक्याचा एक कोरडा कोपरा म्हणूनच ओळखला जाई. पुढें ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी वर चढविलें, वांगीसारख्या गांवीं साखर कारखाना उभा राहिला, आणि ज्वारीच्या रानांत उसाचे मळे दिसूं लागले. आज येथील शेतकऱ्याला दोन गोष्टी कोणी समजावून सांगाव्या लागत नाहींत : एक कांटा आणि दुसरी उतारा. उसाचा पैसा वजनावर मिळतो आणि वजनाचा भाव साखरेच्या उताऱ्याशीं बांधलेला असतो. म्हणजे फळ पाहून पैसा हा व्यवहार त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. हा व्यवहार चांगला कीं वाईट असें त्याला विचारलें, तर तो उत्तर देण्यापूर्वीं उलट प्रश्न करील : "कांटा कुणाच्या हातांत?"

हाच प्रश्न मुलींच्या शिक्षणाच्या क्षेत्रांत विचारण्याची वेळ आतां आली आहे. गांवोगांवचीं महिला मंडळें, तरुणांचीं मंडळें आणि स्वयंसेवी संस्था मुलींना शाळेंत आणण्याचें काम करीत असतात. त्यांना सरकार अथवा एखादा धर्मादाय न्यास पैसा देतो, तो बहुतेक खर्चाच्या बाबी पाहून देतो. कार्यकर्त्यांचें मानधन किती, प्रवासखर्च किती, सतरंज्या आणि चहा किती, यांच्या पावत्या जोडल्या, लेखापरीक्षकाची सही घेतली आणि उपयोगिता प्रमाणपत्र पाठविलें, कीं पुढचा हप्ता येतो. वर्षांत बारा मेळावे झाले काय? झाले. छायाचित्रें आहेत काय? आहेत. त्या बारा मेळाव्यांमुळें एक तरी मुलगी शाळेंत आली काय, आणि आलेली मुलगी वाचावयास शिकली काय, हा प्रश्न मात्र त्या कागदांच्या गठ्ठ्यांत कोठेंच नसतो. कागद खोटे असतात असें नव्हे. ते खरे असतात आणि तरीही मुलीविषयीं कांहींच सांगत नाहींत.

ही रीत उलटी करून पाहण्याचा एक मोठा प्रयोग राजस्थानांतील भिलवाडा जिल्ह्यांत झाला. तो करणारी 'एज्युकेट गर्ल्स' ही संस्था मुंबईची. सफीना हुसेन यांनीं ती २००७ सालीं स्थापन केली आणि २०२५ सालीं तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रयोग चालला तो २०१५ ते २०१८ अशीं तीन वर्षें. त्याची रचना अशी होती. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशन या स्वित्झर्लंडमधील न्यासानें संस्थेला कामासाठीं सुमारें २ लाख ७० हजार डॉलर आगाऊ दिले. लंडनच्या चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशननें असें वचन दिलें कीं, ठरलेलें फळ पदरांत पडलें तर ती रक्कम नफ्यासह त्या न्यासाला परत मिळेल. फळ कमी आलें तर कमी, आणि मुळींच आलें नाहीं तर कांहींच नाहीं. फळ किती आलें हें ठरविण्याचें काम या तिघांपैकीं कोणाकडेही न ठेवतां आयडीइनसाइट नांवाच्या चौथ्या, तटस्थ संस्थेवर सोंपविलें होतें. इंग्रजी व्यवहारांत याला 'डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बॉण्ड' म्हणतात. मराठींत 'फलाश्रित रोखा' म्हणावें; शब्द थोडा जड आहे, पण वस्तुही तशी हलकी नाहीं.

फळ म्हणजे काय, हें आरंभींच बांधून घेतलेलें होतें. घरोघर फिरून शाळेबाहेरच्या ज्या मुलींची यादी केली, त्यांपैकीं किती जणींचीं नांवें शाळेच्या पटावर आलीं, हें एक. आणि तिसरी ते पांचवीच्या मुलामुलींचें भाषांचें व गणिताचें ज्ञान किती वाढलें, हें दुसरें. पैशांतील वीस टक्के वांटा पहिल्या फळाचा आणि ऐंशी टक्के दुसऱ्याचा. ही विभागणी करणाऱ्याला शाळा ठाऊक होती असें म्हटलें पाहिजे. पटावर नांव चढविणें हें एका सकाळचें काम आहे. त्या नांवाच्या मुलीला धडा वाचतां येणें हें वर्षानुवर्षांचें. मोजण्यासाठीं 'असर' ही चाचणी वापरली गेली. मुंबईंत १९९५ सालीं सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या कामांतून ती निघालेली आहे, आणि तिची रीत अगदीं साधी आहे : मुलाला अक्षर ओळखतां येतें काय, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. शिवाय ज्या गांवांत काम झालें त्यांची तुलना काम न झालेल्या गांवांशीं केली जाई. मूल केवळ वयानें वाढलें म्हणून जें शिकलें त्याचें श्रेय संस्थेनें आपल्या पदरांत ओढूं नये, हा त्यांतील हेतु.

पहिल्या दोन वर्षांचे आंकडे फारसे आशादायक नव्हते. ज्ञानवृद्धीच्या बाबतींत तीन वर्षांच्या एकूण उद्दिष्टापैकीं दोन वर्षांअखेर निम्मीच मजल गांठली गेली होती. जुन्या रीतीनें नुसत्या पावत्या तपासल्या असत्या तर यांत कोणाला कांहींच वावगें दिसलें नसतें. येथें मात्र दरवर्षीं आंकडा समोर येई आणि तो पाहून कार्यकर्त्यांना रीत बदलणें भाग पडे. तिसऱ्या वर्षीं त्यांनीं मुलांना इयत्तेप्रमाणें न बसवितां ज्याला जेवढें येतें त्याप्रमाणें गट केले. जीं मुलें वर्गांत येत नव्हतीं त्यांच्या घरीं जाणें वाढविलें. २०१८ सालीं निकाल लागला तेव्हां यादींतील ८३७ मुलींपैकीं ७६८ जणी, म्हणजे शेंकडा ९२, पटावर आलेल्या होत्या. उद्दिष्ट होतें ७९ टक्क्यांचें. ज्ञानवृद्धीचें उद्दिष्ट तर ओलांडून काम १६० टक्क्यांवर गेलें. आगाऊ पैसा देणाऱ्या न्यासाला मुद्दल आणि त्यावर सालीना १५ टक्के परतावा मिळाला.

पंधरा टक्के हा आंकडा ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आंठी पडेल. गरीब मुलींच्या शिक्षणावर पंधरा टक्के! धर्मकार्याच्या पैशाला सावकारीचा वास येतो, असें कोणी म्हटलें तर तें अगदींच चुकीचें नाहीं. पण सावकार आणि हा न्यास यांच्यांत एक फरक आहे, आणि तो लहान नाहीं. काम फसलें असतें तर बुडणारा पैसा न्यासाचा होता. संस्थेच्या दारांत वसुलीला कोणी येणार नव्हतें. या फरकाकडे पुढें पुन्हा यावयाचें आहे.

त्याआधीं एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे, कारण फळ पाहून शाळेला पैसा देणें ही कल्पना भिलवाड्यांत जन्मलेली नाहीं. तिला दीडशेंहून अधिक वर्षें झालीं. इंग्लंडांत रॉबर्ट लो या मुत्सद्द्यानें १८६२ सालीं अनुदानाचे नवे नियम अंमलांत आणले. सहा वर्षांवरील मुलामागें हजेरीबद्दल ४ शिलिंग आणि वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांच्या परीक्षेबद्दल ८ शिलिंग. एका विषयांत मूल नापास झालें कीं २ शिलिंग ८ पेन्स कापावयाचे. मुलींना याखेरीज शिवणकाम शिकविणें आवश्यक होतें. परिणाम काय झाला तो कोणत्याही अनुभवी शिक्षकाला न सांगतां कळेल. वाचनाचें पुस्तक मुलांनीं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाठ केलें. तीन विषयांबाहेरचें जें कांहीं होतें तें ओस पडलें. तपासणीच्या दिवशीं आजारी मुलांनाही शाळेंत आणून बसविलें जाई, कारण गैरहजर मूल म्हणजे बुडालेले शिलिंग. मॅथ्यू आर्नल्ड हा प्रसिद्ध कवि त्या काळीं शाळा-तपासनीस होता. त्यानें आपल्या अहवालांतून या पद्धतीवर सतत टीका केली. तरी ती जावयास तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

त्याच दशकांत मुंबई इलाख्यांतही ही अनुदानपद्धति आली. परीक्षेंत किती मुलें उतरलीं त्यावर खासगी शाळेचें अनुदान ठरूं लागलें. आपल्याकडे दिपोटी साहेबांची तपासणी म्हणजे गांवचा एक उत्सव आणि एक संकट असे, त्याच्या मुळाशीं ही गोष्टही आहे. शाळा सारवली जाई, धडे घोटून घेतले जात, आणि साहेबांची पाठ फिरली कीं मुलें पुन्हा गुरांमागें जात. साहेबांच्या वहींत मात्र त्या एका दिवसाची शाळा कायमची नोंदली जाई.

१८८२ सालीं हंटर आयोग मुंबई इलाख्यांत आला तेव्हां त्याच्यापुढें जोतीराव फुल्यांनीं आपलें लेखी निवेदन ठेवलें. जोतीरावांचें घराणें मूळचें कटगुणचें, म्हणजे कडेगांवच्या उत्तरेस लागून असलेल्या खटाव तालुक्यांतलें. सावित्रीबाईंचें माहेर नायगांव, तेंही सातारा जिल्ह्यांतच. या दांपत्यानें १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली होती, आणि शाळा चालविणें म्हणजे काय याचा अनुभव त्यांनीं पदरचें घालून घेतलेला होता. तेव्हां अनुदानाच्या प्रश्नावर जोतीराव काय म्हणाले, याला विशेष किंमत आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : ज्या लोकांत विद्येची गरज अद्याप उत्पन्नच झालेली नाहीं, त्यांच्यांत फळ पाहून दिलेल्या अनुदानानें शिक्षण पसरणार नाहीं. या पद्धतीवर काम पत्करणाऱ्या शिक्षकाला आपलें पोट भरतां येणार नाहीं, म्हणून कोणी तें पत्करणारही नाहीं. विद्येची गोडी लागेपर्यंत सरकारी शाळा आणि विशेष उत्तेजन यांवांचून गत्यंतर नाहीं. त्याच निवेदनाच्या शेवटीं त्यांनीं मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिक उदारपणें प्रसार करण्याची विनंति केली. आयोगानें मुलींच्या शाळांना सवलतीच्या अटींवर अनुदान द्यावें असें सुचविलें खरें. परंतु एकंदर प्राथमिक शाळांच्या बाबतींत परीक्षेच्या फळावर अनुदान ठेवण्याचाच पुरस्कार केला. पुढें १९०४ सालच्या शिक्षणविषयक ठरावांत खुद्द हिंदुस्थान सरकारनेंच त्या पद्धतीचा दोष मान्य केला.

जोतीरावांच्या आक्षेपांत दोन गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली पोटाची. फळ आल्यावर पैसा मिळणार असेल तर फळ येईपर्यंत खावयाचें काय? ज्याच्या घरीं दोन वर्षांची बेगमी आहे तोच हा व्यवहार करूं शकेल. आणि ज्या गांवांत मुलींची शाळा सर्वांत अवघड, त्याच गांवचें मंडळ सर्वांत दरिद्री असावयाचें. आपल्या भागांत हा भार कोणीं उचलला तें सर्वांना माहीत आहे. कऱ्हाडजवळच्या काले गांवीं १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढें साताऱ्याच्या वसतिगृहांत मुलांच्या जेवणासाठीं घरांत कांहीं उरलें नाहीं तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धां, मोडूं दिलें. ही कथा भाषणांतून फार वेळां सांगितली जाते आणि ऐकणारे डोळे पुसतात. परंतु हिशेबाच्या भाषेंत तिचा अर्थ असा आहे कीं, फळ येईपर्यंतचा सर्व धोका एका स्त्रीच्या गळ्यांतील सोन्यावर टाकला गेला. समाजानें अशा त्यागाचा गौरव करावा. त्यावर योजना आंखूं नये.

भिलवाड्याच्या रोख्यानें या पहिल्या आक्षेपाला खरें उत्तर दिलें आहे. पैसा आगाऊ मिळाला आणि धोका ज्याला झेपतो त्यानें घेतला. हें उत्तर किती महत्त्वाचें आहे हें समजण्यासाठीं पुन्हा उसाच्या फडाकडेच पाहावें. ऊसतोड टोळीलाही आगाऊ पैसा मिळतो. त्याला उचल म्हणतात. हंगामापूर्वीं मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे त्यांच्या भाषेंत एका कोयत्याला, उचल देतो आणि पुढें टनाप्रमाणें मजुरीचा हिशेब होतो. पाऊस लांबला, बाई आजारी पडली, बैल बसला, तोड कमी झाली, तर उचल फिटत नाहीं; ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. आगाऊ पैसा हा नुसता शब्द दोन्हीकडे एकच आहे. एके ठिकाणीं अपयशाचें ओझें देणाऱ्यावर आहे, दुसऱ्या ठिकाणीं घेणाऱ्यावर. उद्यां एखादी योजना कडेगांवच्या महिला मंडळाकडे आली आणि तिच्यांत "उद्दिष्ट पुरें न झाल्यास दिलेली रक्कम वसूल करण्यांत येईल" असें कलम असलें, तर त्या मंडळाच्या बायकांनीं ओळखावें कीं ही उचल आहे, आणि हात जोडून ती परत करावी.

जोतीरावांच्या आक्षेपांतील दुसरी गोष्ट गरजेची, आणि तिला रोख्यानें अर्धेंच उत्तर दिलें आहे. जिथें लोकांना अजून शिक्षणाची गरजच वाटत नाहीं, तिथें आधीं जें काम करावें लागतें तें कोणत्याच मापांत बसत नाहीं. एखाद्या मुलीच्या आजीशीं आठ वेळां बोलणें, हायस्कुलाच्या वाटेवरील ओढ्याला पाणी आलें असतां मुलींना पलीकडे पोंचविणें, शाळेंत बंद पडलेलें स्वच्छतागृह ग्रामपंचायतीच्या मागें लागून उघडविणें, हीं फळें नव्हेत. पण यांवांचून फळ नाहीं. जो पैसा फक्त शेवटचा आंकडा पाहतो तो हीं कामें करणाऱ्याला हळूहळू शिकवितो कीं जिथें आजी आधींच राजी आहे आणि ओढा नाहीं, अशाच घरांत जावें. यांत कोणाची लबाडी असते असें नाहीं. ओझें सारखें आणि मोबदलाही सारखा असेल, तर सपाट वाट कोणीही धरील.

लबाडीही होतेच, तिचाही अनुभव महाराष्ट्राच्या गांठीं आहे. शाळेचें अनुदान आणि शिक्षकांच्या जागा पटसंख्येवर ठरत होत्या, तेव्हां पट फुगले. ऑक्टोबर २०११ मध्यें राज्यभर एकाच वेळीं पटपडताळणी झाली; एकच मूल दोन शाळांत मोजलें जाऊं नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. लाखों नांवें पटावर होतीं आणि वर्गांत नव्हतीं, असें त्या वेळीं आढळलें. ज्यानें काम करावयाचें त्यानेंच मोजावयाचें आणि त्याच मोजणीवर त्याला पैसा मिळावयाचा, या रचनेंतून दुसरें कांहीं निघण्याची अपेक्षाच चुकीची होती. कडेगांवच्या शेतकऱ्याचा कांट्याविषयींचा प्रश्न येथें तंतोतंत लागू पडतो. भिलवाड्यांत कांटा तटस्थाच्या हातीं होता. पण तटस्थ कांटा महाग असतो. १६६ शाळांच्या त्या प्रयोगासाठीं दोन मोठे न्यास, एक मोजणारी संस्था, करार घडवून आणणारे मध्यस्थ आणि कायदेपंडित लागले. एवढा लवाजमा एका तालुक्याच्या मंडळासाठीं कोणी उभा करणार नाहीं, आणि करूंही नये. मोजण्याचा खर्च शिकविण्याच्या खर्चाहून वर जाऊं लागला तर ती शाळा नव्हे, नुसता कांटा आहे.

मुलीच्या हातीं थेट पैसा देऊन पाहण्याचा मार्गही या राज्यानें चोखाळला. दारिद्र्यरेषेखालील मागास वर्गांच्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेंत आल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिति भत्ता १९९२ पासून सुरू झाला. अट ७५ टक्के हजेरीची. त्या वर्षीं एका रुपयाला कांहीं अर्थ होता. पुढें वर्षांमागून वर्षें गेलीं, सगळ्या वस्तूंचे भाव चढले, आणि रुपया मात्र रुपयाच राहिला. मुलीच्या एका दिवसाच्या शाळेची किंमत एकदां ठरवून टाकली आणि मग ती पुन्हा पाहावयाची कोणाला आठवण राहिली नाहीं.

आतां या सर्वांचा कडेगांवापुरता विचार करावा. या तालुक्याला शिक्षणाची ओढ नाहीं असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव देवराष्ट्रे येथलेंच. पतंगराव कदम सोनसळचे, ज्यांनीं १९६४ सालीं पुण्यांत भारती विद्यापीठ स्थापिलें. मोहरमांत कडेगांवचे उंच ताबूत हिंदु-मुसलमान मिळून उभे करतात, त्यावरून एकत्र येऊन काम करण्याची संवयही येथें आहे हें दिसतें. येथील स्थायिक घरांतल्या मुली प्राथमिक शाळेंत जातात. त्यांच्या बाबतींत प्रश्न येतो तो नववी-दहावीच्या सुमारास : हायस्कूल दुसऱ्या गांवीं, एस.टी.चा मोफत पास हातांत आहे पण शाळा सुटण्याच्या वेळेला गाडी नाहीं, आणि घरीं एखादें स्थळ आलेलें आहे. अशा मुलीसाठीं मंडळ झटलें आणि लग्न दोन वर्षें पुढें गेलें, पण दहावीला ती गणितांत राहिली, तर फळ आलें कीं नाहीं आलें? परीक्षेचा आंकडा म्हणेल, नाहीं. तिची आई निराळें सांगेल. करार लिहिणाऱ्यानें आईचें ऐकावें, आणि वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत अविवाहित राहून शाळेंत असलेलें प्रत्येक वर्ष हेंही फळ म्हणून मोजावें. तें मोजणें अवघडही नाहीं. हजेरीपट आहे, गांव आहे.

खरी अवघड मुलगी निराळीच आहे. ती येथली नाहींच. दिवाळीच्या आगेंमागें बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून आणि याच जिल्ह्यांतील जतच्या दुष्काळी पट्ट्यांतूनही टोळ्या येतात, आणि उसाच्या कडेला खोपी उभ्या राहतात. आईबाप पहांटे फडांत जातात. खोपींत राहते ती आठनऊ वर्षांची मुलगी. तिच्या कडेवर धाकटें भावंड, पुढ्यांत चूल. तिच्या भावाला शेजारच्या शाळेंत धाडतीलही, तिला नाहीं, कारण ती गेली तर बाळ कोणी पाहावें? तिचें नांव तिच्या मूळ गांवच्या पटावर आहे. तेथें ती सहा महिने गैरहजर. येथें ती सहा महिने हजर आहे, पण येथील पटावर तिचें नांव नाहीं. तिच्यासाठीं साखरशाळा निघाल्या, मागें राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं, गांव बदललें तरी शिक्षण चालू राहावें म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोय झाली. कार्डावर जें लिहावयाचें तें शाळेंत बसल्याशिवाय लिहितां येत नाहीं, आणि शाळेंत बसावयाचें तर बाळाला पाळणाघर पाहिजे.

फलाश्रित पैशाची खरी कसोटी ही मुलगी आहे. भिलवाड्याच्या पद्धतीनें गांवची यादी केली आणि ती यादी आषाढांत केली, तर ही मुलगी यादींतच येणार नाहीं. मंडळाचें उद्दिष्ट शंभर टक्के पुरें होईल, तटस्थ तपासनीस प्रामाणिकपणें सही करील, आणि रस्त्यापलीकडच्या खोपींतून तिला शाळेची घंटा ऐकूं येत राहील. म्हणून यादी कार्तिकांत झाली पाहिजे, आणि ती करणाऱ्यांनीं गावठाणांत न थांबतां फडापर्यंत गेलें पाहिजे. स्थायिक घरांतील मुलीबद्दल जेवढा मोबदला, त्याच्या कितीतरी पट या मुलीबद्दल ठेवला पाहिजे, नाहींतर सपाट वाटेचा नियम इथेंही चालेल. बाळाच्या पाळणाघराचा खर्च फळाशीं न बांधतां आधींच आणि बिनशर्त दिला पाहिजे. जोतीरावांनीं ज्याला विशेष उत्तेजन म्हटलें तें हेंच. कांट्याचें म्हणाल, तर परदेशी संस्थेची गरज नाहीं. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. एका गांवच्या समितीनें दुसऱ्या गांवची मोजणी करावी, सर्वांसमक्ष मुलीच्या हातीं गोष्टीचें पान द्यावें आणि ती वाचते कीं नाहीं तें ऐकावें. टोळींतील आयांपैकीं दोघींना त्या दिवसाची मजुरी देऊन या मोजणीला बसवावें.

एवढें झालें तरी एक कलम उरतें. चैत्रांत फड संपतो, खोप्या मोडतात आणि मुलगी निघते. कडेगांवच्या मंडळानें तिला चार महिन्यांत शब्दांपर्यंत आणलें. परिच्छेदापर्यंत तिनें तिच्या गांवीं गेल्यावर पोंचावयाचें. तिच्या गांवीं कोणी मंडळ असेल किंवा नसेल. पुढच्या कार्तिकांत ती याच फडाला येईल कीं दुसऱ्या जिल्ह्यांत जाईल हें तिच्या बापालाही ठाऊक नाहीं. तें मुकादमाला ठाऊक. तेव्हां तिच्या वाचनाचा हिशेब कोणत्या गांवच्या वहींत मांडावयाचा, आणि अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडणाऱ्याला त्याचा वांटा कसा द्यावयाचा, हें त्या कराराच्या पहिल्याच पानावर लिहून घेतलें पाहिजे, आणि लिहितांना ज्या दोन गांवांमध्यें ती जाते-येते त्या दोन्ही शाळांच्या गुरुजींना बोलावून घेतलें पाहिजे.